फॉस्टिनोच्या मुलाचं औषध

फॉल रिव्हर, ९ एप्रिल

अन्सेल्मो,

'प्रिय' लिहून खोडलं, म्हणून नवा कागद घेतला. फोन करत नाही, कारण फोनवर तू 'ताई, ताई' करत इतकं गोड बोलतोस की खाली ठेवल्यावर मलाच आठवत नाही मी कशासाठी केला होता. कागदावर तुला मध्ये बोलता येत नाही. अक्षर मोठं आणि वाकडंतिकडं दिसेल. टेबल हलतंय.

हर्मिनियाला काल बॉस्टनच्या दवाखान्यातून फोन आला. नर्स म्हणाली, मेअखेरीपर्यंत इंजेक्शन मिळेल, मग बंद. चाचणी थांबवली. का, तर तुझी कंपनी विकली गेली आणि नव्या मालकांना हे औषध पुढे न्यायचं नाही. हर्मिनियाने विचारलं, "अन्सेल्मोला माहीत आहे का?" नर्सला वाटलं ती गंमत करतेय. म्हणाली, "बाई, सही त्यांचीच आहे."

फोन ठेवून हर्मिनिया थेट माझ्याकडे आली. आपल्या काकाची मुलगी ती, पण तू तिला विसरला असशील तर आठवण देते. दोन वर्षांपूर्वी तिला चमचा तोंडापर्यंत नेता येत नव्हता. ओलेगारियो तिला लहान बाळासारखं भरवायचा आणि ती डोळे मिटून घ्यायची, नवऱ्याचं तोंड दिसू नये म्हणून. तुझं औषध सुरू झालं आणि गेल्या नाताळात तिने माझ्या समोर बसून काल्दो वेर्दे सूपचं आख्खं वाडगं स्वतःच्या हाताने संपवलं. मी ते तुला कळवलं होतं. तू माझी ती चार वाक्यं न विचारता तुझ्या गुंतवणूकदारांच्या सभेत वाचून दाखवलीस. तेव्हा मला राग आला नाही. वाटलं, कामाला आली.

ती माझ्या स्वयंपाकघरात उभी राहून एवढंच म्हणाली, "देओलिंडा, तू सांगितलंस म्हणून मी गेले होते."

खरं आहे. या वस्तीतली माणसं तुझ्या चाचणीत आली ती तुझ्या निळ्या पुस्तिका वाचून नव्हे. मी घरोघर गेले म्हणून आली. तीस वर्षं त्यांच्या पोरांना तिसरीत शिकवलंय मी, मला कुणी दारातून परत पाठवत नाही. म्हातारा सिल्व्हेरियो म्हणाला होता, "बॉस्टनवाल्यांना आम्ही उंदीर वाटतो." मी म्हटलं, "बॉस्टनवाले नाहीत हो. फॉस्टिनोचा मुलगा आहे." मग तो मुलीला चाचणीत पाठवायला तयार झाला. बाबांना 'दारुडा' म्हणणारा हाच सिल्व्हेरियो. बाबा गिरणीच्या रस्त्याने भिंतीला धरून चालायचे आणि हा पलीकडून ओरडायचा, "फॉस्टिनो, जहाज डुलतंय का रे?" ती दारू नव्हती, पिढ्यानपिढ्या उतरणारा आजार होता; पुढे त्याच्याच बायकोला ती चाल लागली, आता मुलीला.

याचं कारण मला तुझ्या तोंडून हवंय.

देओलिंडा

फॉल रिव्हर, ३ मे

अन्सेल्मो,

तुझी फुलं मिळाली. कार्डावरची सही छापील होती. फुलं देवळात नेऊन ठेवली, घरात त्यांचा वास सहन होईना.

तुझ्याऐवजी कंपनीने व्हिटनी नावाची मुलगी पाठवली. परवा देवळाच्या सभागृहात आली होती. छान दात, छान बूट. सगळ्यांसाठी छोटे केक आणले होते, प्रत्येकावर निळ्या साखरेची फीत. चाचणीतली सगळी माणसं आली होती. काही चाकाच्या खुर्चीत, काही आमच्या खांद्यावर. ज्यांचे हात थरथरतात अशांसमोर तिने ते केक मांडले आणि ते मलईने माखलेले हात, हनुवट्या, सदरे बघत हसत उभी राहिली. अन्सेल्मो, मला ओकारी आली. खरीखुरी. मी मोरीत जाऊन आले.

ती म्हणाली, "तुमच्या या प्रवासात आम्ही तुमच्या सोबत आहोत."

ओलेगारियोने विचारलं, "कुठपर्यंत?"

"म्हणजे?"

"सोबत कुठपर्यंत आहात? हिला महिनाअखेरीनंतर औषध मिळणार नाही. तुम्ही उतरताय ना गाडीतून?"

ती म्हणाली की आकडे पाहिले असता औषधाचा परिणाम पुरेसा नाही असं तज्ज्ञांना आढळलं. हर्मिनिया उठली, टेबलापर्यंत गेली, पाण्याचा ग्लास भरला आणि तिच्या हातात नेऊन दिला. थेंब सांडला नाही. "हे पुरेसं नाही का पोरी?" असं तिने विचारलं, तेही अगदी मायेने. व्हिटनीचे डोळे भरून आले. मला तिची कीव आली नाही. रडायचं तर नोकरी सोडून रडावं.

मग म्हातारा सिल्व्हेरियो माझ्याकडे वळला, सगळ्यांदेखत. "बाई, तुमच्या भावाला विचारा, आम्ही उंदीर होतो की नाही."

घरी येताना कुणी माझ्याबरोबर चाललं नाही.

तुझी कारकीर्द मी कशी आणि कितीदा मिरवली आहे ते आठवत बसले. सरकारी कॉलेजात रसायनशास्त्र घेतलंस, मग मोटारीच्या डिकीत औषधांचे नमुने भरून डॉक्टरांच्या दारोदार फिरलास. मग मॅनेजर. मग ती पहिली कंपनी, लहान मुलांच्या त्या आजाराची. आख्ख्या देशात मोजकी पोरं आणि त्यांचं औषध तू आणलंस. मासिकाच्या मुखपृष्ठावर तू, खांद्यावर ते टकलं, हसरं पोर. ते चित्र मी वर्गात लावलं होतं. त्या पोराच्या आईने औषधासाठी घर विकलं हे मला बऱ्याच वर्षांनी कळलं, तुझ्याकडून नव्हे. मी तुला विचारलं तेव्हा तू म्हणालास, "ताई, दुर्मीळ आजाराचं गणित वेगळं असतं." मी मान डोलावली. गणित मीही शिकवते, पण तुझ्यापुढे मला नेहमी वाटायचं की तुझं काहीतरी वरच्या इयत्तेचं असणार.

दुसऱ्या कंपनीला तू बाबांचं नाव दिलंस. फॉस्टिनो बायो. त्या दिवशी आई रडली होती. बरं झालं ती गेली.

देओलिंडा

फॉल रिव्हर, १२ जून

अन्सेल्मो,

रविवारी तू आलास. पवित्र आत्म्याच्या सणाला येशील असं मला वाटलं नव्हतं. पण समितीने सत्काराचं निमंत्रण जानेवारीतच पाठवलं होतं आणि तू सत्कार कधी चुकवत नाहीस.

तुझं भाषण मी मागे, सोपासच्या रश्श्याच्या पातेल्यापाशी उभी राहून ऐकलं. तू सांगितलंस, बाबांना शेवटच्या वर्षी तू पाठीवर घेऊन तीन मजले चढायचास. लोक डोळे पुसत होते. अन्सेल्मो, शेवटच्या वर्षी तू शिकागोला होतास. बाबांना मी चढवायचे. पाठीवर नव्हे, मागून कमरेला धरून, एकेक पायरी, आणि ते प्रत्येक पायरीला माझी माफी मागायचे. पूर्वीच्या भाषणांत तू नुसता त्यांचा हात धरून असायचास. मग बिछान्याशी बसलास. आता पाठीवर घेतलंस. दरवेळी बाबा तुझ्या थोडे अधिक जवळ येतात. याआधी मला याचं हसू यायचं. रविवारी शिसारी आली.

चाचणीतल्या माणसांपैकी कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. काहींचे हात एकमेकांवर पडलेच नसते. तू त्या टेबलाकडे पाहिलं नाहीस.

मग सभागृहामागे आपण बोललो. माझ्याकडून काही राहू नये म्हणून जे झालं ते लिहून ठेवते.

मी म्हटलं, "औषध चालत होतं."

तू म्हणालास, "काही जणांना. आकड्यांत ते दिसत नाही."

"हर्मिनियात दिसतं."

"ताई, एका माणसावर औषध उभं राहत नाही. मला वाईट वाटत नाही असं वाटतं तुला? माझे बाबा गेले या आजारात."

"माझेही."

तू घड्याळाकडे पाहिलंस. मग माझ्या हाताकडे पाहिलंस. तो मला लपवता आला नाही. कोपऱ्यातल्या खांबाला मी धरून उभी होते हे तुला कळलं. तू फार हळू विचारलंस, "कधीपासून?"

म्हणून आता लिहून टाकते. गेल्या वर्षीच्या हिवाळ्यापासून. टेबल हलत नाही. हे न सांगता मी तुला चाचणीत माझं नाव घाल म्हटलं तेव्हा तू म्हणाला होतास, सख्खी बहीण आत घेतली तर लोक बोलतील, कंपनीच्या नावाला बट्टा लागेल. मला ते पटलं होतं. अभिमानही वाटला होता, भाऊ किती सरळ आहे म्हणून.

आणि तू? आईच्या अंत्यविधीला तुला देवळाचं बाक धरून उठताना मी पाहिलंय. तेव्हाच मला शंका आली होती, तुलाही लागलं म्हणून. रविवारी मात्र तू मंचाच्या पायऱ्या कठड्याला हात न लावता उतरलास, पंचविशीतल्या पोरासारखा. मला बरं वाटलं. निदान हा तरी सुटला, म्हटलं.

सोपासचं वाडगं तू न खाता तसंच ठेवलंस. त्या दिवशीचं अन्न कुणी टाकत नाही. ते मी खाल्लं.

देओलिंडा

फॉल रिव्हर, १ जुलै

अन्सेल्मो,

डबा पोचला. कुरियरवाल्या पोरीने सही मागितली, मला करता आली नाही, तिने अंगठा चालेल म्हटलं.

आत बर्फाच्या पिशव्या आणि त्यात इंजेक्शनच्या पेनांची रांग. वर तुझी चिठ्ठी. "ताई, आठवड्यातून एकदा, पोटाच्या कातडीत. मी दीड वर्ष घेतोय, बघतेस ना माझ्याकडे. हे आपल्या दोघांपुरतं. कुणाला बोलू नकोस. हे संपलं की आणखी पाठवीन."

मी ती चिठ्ठी उभ्याने वाचली, मग बसून वाचली.

तर असं आहे. औषधाचा परिणाम पुरेसा नाही, हे तू सरकारला लिहून दिलंस, वर्तमानपत्रात सांगितलंस, माझ्या तोंडावर सांगितलंस. आणि ते सांगताना तुझ्या पोटात तेच औषध होतं. त्या औषधाच्या जोरावर तू मंचाच्या पायऱ्या उतरत होतास. हर्मिनियाच्या पेला धरण्यावर औषध उभं राहत नाही, पण तुझ्या चालण्यावर तुझा स्वतःचा एवढा विश्वास की कंपनी विकताना तू शिल्लक साठा काढून घेतलास. प्रत्येक पेनावर चिकटपट्टी आहे आणि तिच्यावर तुझं नाव. कुणा डॉक्टराने तुला लिहून दिलंय. तुझ्यासाठी डॉक्टर सापडतो.

औषध चालत होतं. गिऱ्हाईक पुरेसं नव्हतं, एवढंच. हे मला आधी तोंडावर सांगितलं असतंस तर मी तुला शिव्या दिल्या असत्या आणि नंतर जेवायलाही वाढलं असतं. पण आमच्या माणसांत सुधारणा झालीच नाही असं सांगून तू आम्हाला खोटं पाडलंस. हर्मिनिया आता स्वतःवरच संशय घेते. परवा म्हणाली, "कदाचित मला उगाच वाटत असेल, बरं वाटतंय म्हणून." तिचा चमचा पुन्हा हलायला लागलाय.

डबा फ्रिजमध्ये दुधामागे आहे. मी घेतलं नाही असं सांगून मोठेपणा मिरवत नाही. काल एका पेनाचं टोपण काढलं होतं. सदरा वर केला होता. पोट पाहिलं, म्हातारीचं पोट, आणि तुझी आठवण आली. तूही असाच न्हाणीघरात दार लावून उभा राहत असशील. तुझी मला इतकी किळस कधीच आली नव्हती. टोपण परत लावलं.

मला मरणाची भीती नाही. मला ती चाल नकोय. मला बाबांसारखी प्रत्येक पायरीला कुणाची माफी मागायची नाही. तुला हे माहीत आहे, म्हणूनच तू डबा पाठवलास. आणि म्हणूनच मला तो भिंतीवर फेकताही येत नाही.

देओलिंडा

फॉल रिव्हर, १५ जुलै

अन्सेल्मो,

तुझे फोनवरचे निरोप ऐकले. घाई करू नको म्हणतोस, वकिलाशी बोल म्हणतोस. उशीर झाला.

गुरुवारी सगळ्यांना सभागृहात बोलावलं. केक नव्हते. डबा टेबलावर ठेवला, तुझी चिठ्ठी मोठ्याने वाचली. मला वाटलं होतं सगळे तुझ्यावर चिडतील. तुझ्याकडे कुणाचं लक्षच गेलं नाही. सगळे डब्याकडे बघत होते.

सिल्व्हेरियोची मुलगी म्हणाली, "किती आहेत?"

कुणी म्हणालं, वाटून घेऊ. कुणी म्हणालं, चिठ्ठ्या टाका. ज्यांचा आजार जास्त त्यांना आधी द्या, एक जण म्हणाला, त्यावर दुसरा म्हणाला, उलट, ज्यांचं अजून काही वाचवण्यासारखं आहे त्यांना द्या. चाकाच्या खुर्चीतला एक भला माणूस हे ऐकत होता. ओलेगारियो, ज्याने आयुष्यात कुणाला रस्त्यात धक्का दिला नसेल, त्याने डब्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "आधी माझी बायको." सिल्व्हेरियोने काठी उगारली. त्या सभागृहात आपण सगळ्यांनी एका पातेल्यातलं जेवण वाढलंय, अन्सेल्मो, वर्षानुवर्षं, कुणाला कमी पडू न देता. तू तिथे दाणे टाकलेस आणि आमच्या कोंबड्या केल्यास. मला त्यांचीही किळस आली. माझीही आली, कारण मी मनात मोजत होते, मला काही उरतं का.

मग हर्मिनिया बोलली. तिचा आवाज आता जड झालाय, म्हणून सगळ्यांना गप्प व्हावं लागलं.

"झाकण लावा," ती म्हणाली. "ओलेगारियो, हात काढ."

"तुला नको?"

"मला सगळा डबा हवाय. पण तो संपल्यावर काय? यावर त्याचं नाव आहे. आपण हे टोचून घेतलं तर उद्या कुणी म्हणेल, असा डबा नव्हताच. तसाच राहू दे. हा डबाच आपल्या बाजूने बोलणारा एकटा आहे."

ओलेगारियो रडायला लागला. तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवायचा प्रयत्न केला, हात कानावर पडला, त्याने तो तिथेच धरून ठेवला.

दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे भाड्याच्या बसने बॉस्टनला गेलो. सरकारी वकिलांच्या कचेरीत डबा दिला, पेनं जशीच्या तशी. बाहेर वर्तमानपत्रवाली बाई उभी होती, तिला बोलावणारी मीच. तिने विचारलं, "ते तुमचे कोण?" मी म्हटलं, "धाकटा भाऊ." ती पुढे काहीतरी विचारणार होती, पण माझं तोंड बघून थांबली.

तुझ्या निरोपात तू म्हणालास, मी तुझ्या पाठीत सुरी खुपसली. मी ती समोरून लावली आहे, म्हणून हे पत्र.

देओलिंडा

फॉल रिव्हर, २० ऑक्टोबर

अन्सेल्मो,

तुला बातम्या माझ्या आधी कळतात, तरी आमच्याकडून ऐक. ज्या मोठ्या कंपनीने तुला विकत घेतलं तिने सगळं तुझ्या अंगावर ढकललं आणि हात झटकले. तुझ्याच धंद्याची रीत आहे, तुला नवल वाटलं नसेल. पण बदनामी नको म्हणून त्यांनी चाचणीतल्या सगळ्यांना औषध पुन्हा सुरू केलं, आणि पुढे बनवण्याचा हक्क विद्यापीठाच्या दवाखान्याला देऊन टाकला. त्यांना कवडीची किंमत नव्हती त्याची.

हर्मिनियाला तीन आठवडे झाले सुरू होऊन. अजून काही दिसत नाही. सिल्व्हेरियोच्या मुलीचं पाऊल मात्र सरळ पडायला लागलंय. म्हातारा माझ्या दारात आला होता, घरची गोड पोळी घेऊन. म्हणाला, "बाई, फॉस्टिनो दारुडा नव्हता." इतक्या वर्षांनी. मी त्याला आत बोलावलं नाही. पोळी घेतली.

मला औषध नाही, कारण मी चाचणीत नव्हते. विद्यापीठाची नवी यादी निघेल तेव्हा बघू, असं डॉक्टरबाई म्हणाल्या, आणि नजर दुसरीकडे वळवली. तुझाही साठा गेला. तुझ्या बायकोने फोनवर सांगितलं, तू मागच्या आठवड्यात जिन्यात पडलास. तिला वाटलं मला आनंद होईल. आनंद झाला नाही. तुझ्यावरचा तिटकाराही कमी झाला नाही. दोन्ही शेजारी शेजारी राहतात आणि एकमेकांशी बोलत नाहीत.

आता तुझ्या वकिलाच्या मागणीबद्दल. तुझ्यावरच्या खटल्यात पुढच्या बुधवारी माझी साक्ष आहे आणि मी सांगावं असं त्याला वाटतं की डबा तू निव्वळ बहिणीवरच्या मायेने पाठवलास. तू स्वतःही तसं लिहिलंस, तुझ्या हाताने. पहिल्यांदाच तुझं कार्ड छापील नव्हतं आणि अक्षर माझ्यासारखं वाकडंतिकडं झालंय.

मी सांगेन. ते खोटं नाही. जगात तुला ज्या एका माणसाला वाचवायचं होतं ती मी होते, हे मी शपथेवर सांगेन. आणि ज्यांना मी तुझ्या नावावर आणून तुझ्या दारात उभं केलं, त्यांच्या तोंडचं काढून तू मला भरवायला निघालास, हेही सांगेन. पहिलं वाक्य तुझ्या वकिलाला आवडेल. दुसऱ्या वाक्यानंतर तो माझ्याकडे बघणार नाही. तू बघशील का, एवढंच मला पाहायचंय.

साक्ष दुपारी संपेल. त्यानंतर मी घरी जेवण करणार आहे, मासे आणि बटाटे, जास्त काही जमत नाही आता. ओलेगारियो चिरून देणार आहे. हर्मिनियाही असेल. बाहेरच्या पायऱ्यांना या महिन्यात कठडा बसवून घेतलाय. हर्मिनियाच्या समोर बसून तुला घास गिळता येणार असेल, तर ये.

देओलिंडा